देवी नव्हती, पाणी नव्हतं

बियाण्याच्या धंद्यातले किस्से लिहा, असं या अंकाचे संपादक मला दर वर्षी म्हणतात आणि मी दर वर्षी लिहितो. नकली बियाण्यावर लिहिलं, पाखरांवर लिहिलं, नराच्या ओळी समजून मादीच्या ओळी उपटणाऱ्या पाहुण्यावर लिहिलं. पण ज्या किस्स्यामुळं भोकरदन-जाफराबादकडं मला अजून ‘पाणीवाले साहेब’ म्हणतात, तो मी गेली वीसेक वर्षं अर्धाच सांगत आलो. ऐकणारे पोट धरून हसतात, मीही हसतो आणि उरलेला अर्धा घरी घेऊन येतो. त्या अर्ध्यात एका बाईची अब्रू अडकलेली आहे. सत्तरी ओलांडली, आता तरी पुरा सांगावा.

मी बियाणं कंपनीचा फिल्डमन होतो. बाहेरच्या माणसाला आमचं काम सांगायचं तर, कापसाचं संकरित बी आपोआप होत नाही, माणसाच्या बोटांनी करावं लागतं. शेतात एका वाणाच्या ओळी मादीच्या, दुसऱ्याच्या नराच्या. दुपारनंतर बाया मादीच्या ओळीतली, उद्या उमलणारी कळी हेरतात, नखानं तिचा नराचा भाग सोलून काढतात आणि खुणेची लाल पट्टी अडकवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल तोडून त्याची पिवळी भुकटी त्या सोललेल्या कळीवर घासतात. याला क्रॉसिंग म्हणतात. शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीही क्रॉसिंगच म्हणते. ऊन चढलं की भुकटीतला जीव जातो, म्हणून सकाळचं काम अगदी घाईचं. फुलांचा भर नेमका आश्विनात येतो आणि आश्विनातलं आमच्याकडचं ऊन वैशाखाला लाजवतं.

या भुकटीचा एक वैरी आहे, तो म्हणजे पाणी. ओल्या बोटाला लागली की तिचे कण फुटतात आणि बोंड धरत नाही. म्हणून ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, क्रॉसिंग करताना हात कोरडे ठेवा. मी वरचढ शहाणा. म्हटलं, हात कोरडे ठेवायचे तर पाणी जवळ कशाला हवं? माझ्या प्लॉटवर नियम केला, क्रॉसिंग आटोपेपर्यंत कोणी पाण्याला जायचं नाही. कंपनीनं हा नियम कधीच केलेला नव्हता. तो माझा एकट्याचा. कुणी कुरकुर केली की माझं वाक्य ठरलेलं असे, “फूल कुणासाठी थांबत न्हाई, बाई.”

“फुलाला लई जपता साहेब,” पार्वताबाई म्हणायची. ही आमच्या टोळीतली सगळ्यात वडील आणि सगळ्यात तोंडाळ बाई. “एखांद्या दिशी आमालाबी लाल पट्टी बांधा.”

हसनाबादच्या पुढं एकनाथराव नावाच्या शेतकऱ्याकडं आमचा तीन एकरांचा प्लॉट होता. तिथल्या टोळीची पुढारी सुजाताबाई. वय पस्तिशीचं, दहावी शिकलेली, बोटं अशी चालायची की बघणाऱ्यानं आपली बोटं खिशात घालावीत. गावातल्या बुद्धविहारात रविवारी ती पोरांचे वर्ग घ्यायची आणि पौर्णिमेला वंदना तीच सांगायची. बोलणं मोजकं. आमच्या बाकीच्या बाया नवरात्रात उपास धरायच्या. सुजाताबाई आणि तिची जाऊ कमल मात्र दुपारी भाकरीचं फडकं सोडून निवांत जेवायच्या. त्यावरून चेष्टा चाले, पण गोडीची.

त्या वर्षी पाचव्या माळेला फुलांचा नुसता पूर आला होता. सकाळी आल्या आल्या सुजाताबाई बाजूला येऊन म्हणाली, “साहेब, रातीपासून पोट बिघडलंय. दोन-चारदा बाहेर जाऊन आले. आज पाण्याचा जार जरा जवळ असू द्या.”

मी म्हटलं, “आजचा दिवस काढा. आज भर आहे.”

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण आपला नियम एकीसाठी मोडला तर उद्या सगळ्या मागतील, म्हणून मी पाण्याचा जार स्वतःच्या खांद्यावर उचलला आणि शेताच्या पार टोकाला, मोटारीच्या खोलीत नेऊन ठेवला. हे वाक्य मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. किस्सा सांगताना मी थेट दुपारवर येतो.

तर दुपार. फुलांचा भर एवढा की सकाळचं क्रॉसिंग अजून आटपलं नव्हतं. सुजाताबाई ओळीत मधेच थांबली. हातात फूल तसंच. जागच्या जागी डुलायला लागली. कमलनं विचारलं, “कामून थांबली माय?” मग सुजाताबाई स्वतःशीच पुटपुटली, “आले... आले...” डोळे खोल गेलेले आणि कुठंतरी लांब लागलेले.

पार्वताबाईनं हातातली फुलं टाकली आणि किंकाळी फोडली. “आली गं बाई! आई आली! पाचव्या माळेला आली!”

बघता बघता क्रॉसिंग बंद. बाया पदर पसरून पाया पडायला लागल्या. पार्वताबाईच्या कनवटीला कुंकवाची पुडी होतीच, तिनं चिमूटभर सुजाताबाईच्या कपाळी भरलं. एकनाथराव बांधावरून पळत आले, चपला काढल्या, हात जोडले आणि आम्हा सगळ्यांच्या देखत विचारलं, “आई, नवीन बोरला पाणी लागंल का?”

“आले...” सुजाताबाई म्हणाली.

“आलं म्हणती! पाणी आलं म्हणती!” एकनाथरावांचे डोळे भरून आले.

मागून एकजण म्हणाली, “माझ्या म्हशीचंबी इचारा ना, अवंदा गाभण राहीन का?”

या सगळ्यात कमल एकटी ओरडत होती, “अहो, आमच्यात देवी येत न्हाई! पाणी आणा जल्दी!”

“देवी काय जात बघून येती का गं?” पार्वताबाई कडाडली.

“जातीचं मरू द्या, तिचं तोंड बघा, तोंड!”

माझा किस्सा इथं रंगतो. एकनाथरावांची नक्कल मी बरी करतो. पण नक्कल करताना मी हे सांगत नाही की कमलनं तोंड बघा म्हटल्यावर मी खरंच बघितलं होतं. बाकी बायांच्या पाठी घामानं चिंब होत्या, सुजाताबाईची चोळी कोरडी होती. ओठांना पांढरी साय आल्यासारखं झालं होतं. हे देवीचं नाही, हे मला त्या क्षणाला कळलं. आणि पाणी कुठं आहे हे त्या शेतात मला एकट्यालाच माहीत होतं. ते सांगितलं असतं तर तिथं का आहे हेही सांगावं लागलं असतं. मी चपला काढल्या आणि सगळ्यांसोबत हात जोडले.

शेवटी कमलच शेतभर धावली आणि तिलाच जार सापडला. दोन घोट पोटात गेले, तेवढेच बाहेर आले. मग मात्र एकनाथरावांच्या टेम्पोत घालून सुजाताबाईला सरकारी दवाखान्यात नेलं आणि सलाईन लावलं. तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या, आवाज असा की सलाईनच्या बाटलीनं घाईनं टपकावं.

“हिच्या अंगात आलं होतं म्हणून कोण म्हणालं?”

“सगळेच म्हणत होते,” मी म्हणालो.

“जीभ कोणी बघितली का हिची?”

मी सलाईनच्या बाटलीकडं बघायला लागलो.

“देवी बघायला वीस जण आणि जीभ बघायला एक न्हाई! इकडं या.” त्यांनी सुजाताबाईच्या हातावरचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते शिवून चुणी घातल्यासारखं तसंच उभं राहिलं आणि सावकाश खाली बसलं. मग माझ्या हाताला चिमटा काढला, जरा जास्तच जोरात. माझं कातडं झटकन बसलं. “कळलं? अंगातलं पाणी आटलं की कातडं आळशी होतं. थुंकी घट्ट होते, जीभ टाळूला चिकटते. डोळे आत जातात. नाडी पळत सुटते. लघवी आधी पिवळी, मग गडद, मग बंद. एवढ्या उन्हात घामच नसेल तर समजायचं, टाकीत काही उरलं न्हाई. माणूस उठताना झोकांड्या खातं, चिडतं, मग बरळतं. बरळायला लागलं की घरी बसून लिंबू पिळत बसायचं न्हाई, इथं आणायचं. बिलकुल उशीर करायचा न्हाई. आणि बाई शुद्धीवर आहे तोवर घोट घोट पाजायचं, बादली ओतायची न्हाई.”

माझं पुढचं सगळं शहाणपण हे त्या दहा वाक्यांतलं आहे. पण माणूस घाबरला की चांगला शिकतो, आणि मी मनातून पार घाबरलो होतो. दुसऱ्या दिवसापासून माझ्या प्लॉटवर शिट्टी सुरू झाली. शिट्टी वाजली की एक बाई तांब्या घेऊन ओळीओळीनं फिरायची. बाकीच्यांनी हात पाठीमागं धरायचे, मान वर करायची, तोंड उघडायचं आणि तिनं वरून धार सोडायची. बोटाला थेंब लागायचा नाही. लांबून बघणाऱ्याला वाटे घरट्यातली पिल्लंच बसलीत. त्या हंगामात बोंडं काही कमी धरली नाहीत. म्हणजे माझा नियम साफ बिनकामाचा होता.

कंपनीला ही युक्ती इतकी आवडली की सगळ्या प्लॉटवर शिट्ट्या वाटल्या गेल्या. जालन्याला कार्यक्रम घेऊन मला शाल दिली. मी घेतली.

मग मला लोकांची तोंडं वाचायचा नादच लागला. एकनाथराव रोज दुपारी बारा वाजले की भांडण काढायचे. कधी माझ्याशी, कधी बायकोशी, कोणी नसलं तर बैलाशी. एके दिवशी मी न बोलता तांब्या पुढं केला. ते तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, “मी काय म्हणत होतो?” त्यांच्या घरच्या बाईंनी ती गोष्ट ध्यानात ठेवली. पुढं सोयरीक जुळवताना पाहुणे तापले तरी त्या आधी पाणी फिरवायच्या आणि म्हणायच्या, “प्या, मंग बोला.”

लघवीचा रंग बायांना विचारायचा कसा, ही माझी मोठी अडचण होती. ती पार्वताबाईनं चुटकीसरशी सोडवली. सकाळी शेतात शिरतानाच ती टोळीला हाक द्यायची, “आज कोणाचं सरबत, कोणाचा चहा?” सगळ्या खिदळत उत्तरं द्यायच्या. चहा म्हणणारीला ती दोन तांबे जास्त पाजायची. एकदा एकनाथरावांचे पाहुणे बांधावर उभे होते. त्यांनी हाक ऐकून भाबडेपणानं सांगितलं, “मला चहाच चालंल.” त्या दिवशी क्रॉसिंग निम्मंच झालं.

बाया पाणी कमी पितात याचं खरं कारणही मला तेव्हा कळलं. प्यालं तर जावं लागतं, आणि सपाट शेतात जाणार कुठं? म्हणून मग प्रत्येक प्लॉटवर चार बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा. शिट्टीपेक्षा त्या ताडपत्रीचा उपयोग जास्त झाला, पण तिच्यासाठी कोणी शाल देत नाही.

उपासाचाही पेच होता. पार्वताबाई नवरात्रात बाहेरचं काही तोंडात घालायची नाही. मी साखर, लिंबू आणि शेंदेलोण घालून पाणी केलं आणि म्हटलं, “हे उपासाला चालतं, मी भटजींना विचारलंय.” विचारलं नव्हतं. ती प्याली आणि म्हणाली, “भटजीला सांगा, लिंबू जरा जास्त पिळ म्हणाव.”

इथपर्यंतचा किस्सा, जाराचं आणि माझ्या हात जोडण्याचं वगळून, मी शाळांमधून, मेळाव्यांमधून, एमआयडीसीतल्या बियाणं कारखान्यांतून शंभरदा सांगितला असेल. आता राहिलेला.

सुजाताबाई तिसऱ्या दिवशी घरी आली. गावभर झालं होतं, विहारातल्या बाईच्या अंगात देवी आली. आमच्याकडच्यांना ती मोठी कौतुकाची गोष्ट. दोघी-तिघी नारळ घेऊन तिच्या दारी गेल्या. तिनं ते हात जोडून परत केले. तिच्या वस्तीत मात्र ती गोष्ट कौतुकाची नव्हती. देवदेव, अंगात येणं, हे सगळं सोडून त्यांच्या आधीच्या पिढीनं दीक्षा घेतलेली. रविवारी पोरांना हेच शिकवणारी बाई शेतात कपाळाला कुंकू लावून डुलत होती, असं बघितलेले वीस साक्षीदार होते. कोणी म्हणालं, वरवरचं आहे हिचं. कोणी म्हणालं, मजुरी टाळायला सोंग केलं. आणि दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, विहारात वंदना सांगायचा मान तिचा होता. यंदा दुसऱ्या कोणाला तरी सांगू द्या, अशी कुजबुज सुरू झाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती प्लॉटवर आली. अजून चेहऱ्यावर रया नव्हती. माझ्यासमोर उभी राहिली.

“साहेब, कमलचं कोणी ऐकून न्हाई राह्यलं. जाऊ आहे म्हणतात, बोलणारच. तुम्ही साहेब माणूस. तुमचं ऐकतेन. उद्या विहारात या, दोनच शब्द सांगा. पाणी न्हवतं, म्हणून झालं. बस.”

“येतो की,” मी म्हणालो. “बराबर येतो.”

“पाणी कामून न्हवतं, ते मी न्हाई विचारत,” ती म्हणाली.

म्हणजे तिला माहीत होतं. जार उचलून नेताना तिनं मला बघितलं होतं.

मी गेलो नाही. दसऱ्याला घरी सोनं वाटलं, पुरणपोळी खाल्ली. मनाशी म्हणत होतो, कंपनीच्या कानावर गेलं तर नोकरी जाईल, दोन पोरं शिकतायत. ते खरंही होतं. संध्याकाळी कळलं की वंदना दुसऱ्या कोणी सांगितली. सुजाताबाई मागं बसून होती. पुढच्या रविवारी वर्गाला पोरं कमी आली आणि मग तिनंच वर्ग बंद केला. कामाला ती येत राहिली, तशीच मोजकं बोलत, तशीच भराभर बोटं चालवत. तांब्याची धार तोंडात घेताना तिनं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. मला शाल मिळाली त्या कार्यक्रमाला टोळीतल्या बायांनाही नेलं होतं. तिनं टाळ्या वाजवल्या. मी बघितल्या.

त्यानंतर मी तिच्या गावावरून कितीदा गेलो. एकदा दारापर्यंत गेलो, तर ती घरात नव्हती आणि मला इतका हलका आनंद झाला की त्याची लाज अजून वाटते. एकदा जालन्याच्या बाजारात समोरासमोर आलो. मी तिला मिरचीचा भाव विचारला.

यंदा उन्हाळ्यात विहारातल्या तरुण मंडळींनी मला बोलावलं. त्यांना जुनं काही माहीत नाही. उन्हाचे दिवस आहेत काका, अंगातलं पाणी कमी झालं ते कसं ओळखायचं, यावर बोला म्हणाले. मी ठरवूनच गेलो. जागा तीच, माणसंही बरीचशी तीच, याहून चांगली संधी कोणती मिळणार? सुजाताबाई पहिल्या सतरंजीवर बसली होती, केस पूर्ण पांढरे, शेजारी कमल.

मी बोललो. जीभ सांगितली, डोळे सांगितले, लघवीचा रंग सांगितला. म्हाताऱ्यांचं कातडं तसंही सैल असतं, त्यांचा चिमटा फसवतो आणि त्यांना तहानही उशिरा लागते, म्हणून त्यांना न मागता पाणी द्या, हे सांगितलं. सरबत आणि चहावर सगळे खळाळून हसले. मग देवीच्या गोष्टीची वेळ आली. सुजाताबाईनं मान वर केली. कमलनं हातातला पंखा थांबवला. मी समोरच्या तांब्यातलं पाणी प्यालो आणि म्हणालो, “तर मित्रांनो, पाणी भरपूर प्या.”

टाळ्या पडल्या. निघताना सुजाताबाई दारापर्यंत आली. “चांगलं सांगितलं साहेब,” ती म्हणाली. “सगळं सांगितलं.” आणि चपला नीट वळवून माझ्या पायांपुढं ठेवल्या, मला वाकायला त्रास होतो म्हणून.

त्या दिवशी त्या लोकांसमोर उभं राहून मला जे म्हणायचं होतं, ते असं:

सुजाताबाई, तुमच्या अंगात काही आलं नव्हतं. तुम्ही सोंग केलं नव्हतं. तुमचं पोट बिघडलं होतं, तुम्ही माझ्याकडं पाणी मागितलं आणि मी पाण्याचा जार उचलून दूर नेऊन ठेवला. तुम्ही उभ्या उभ्या कोसळत होता तेव्हा मला सगळं कळत होतं, तरी मी हात जोडून गप्प राहिलो. दसऱ्याला विहारात येतो म्हणालो आणि आलो नाही. वंदना सांगायचा मान तुमचा होता. तो माझ्यामुळं गेला. विहारातल्या सगळ्यांनी हे ऐकावं. मला माफ करा.